पोळ्या लाटताना दिलेला होकार

प्रश्न : मी नागपुरातील एका हौशी नाट्यसंस्थेसाठी लेखन करतो. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई मूळच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या. यजमानांनी कर्जापायी आत्महत्या केल्यावर त्या मुलीला घेऊन इकडे आल्या. त्यांनी वेळोवेळी सांगितलेल्या हकिकतीवर मी दोन अंकी नाटक लिहिले असून ते राज्य हौशी नाट्यस्पर्धेत नागपूर केंद्रावर करायचे आहे. ताईंना विचारले तेव्हा पोळ्या लाटता लाटताच त्या म्हणाल्या, “लिहा ना दादा, मी काय नाई म्हनू तुमाले?” माझ्या पत्नीला हे दुसऱ्याच्या दुःखावर नाव कमावणे वाटते. दिग्दर्शकाच्या मते अशा परवानग्या मागत बसलो तर विदर्भातले हे मरण रंगभूमीवर येणारच नाही. कोणाचे बरोबर? पारितोषिक मिळाल्यास ताईंना वाटा द्यावा का?

— एक नाट्यलेखक, नागपूर

उत्तर : आपण पाठवलेली संहिता मी पूर्ण वाचली. दिग्दर्शकांची भीती अनाठायी नाही. मराठीतले पुष्कळसे सकस लेखन कोणाची परवानगी न मागताच झाले आहे. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले तेव्हा घरातल्या, समाजातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणल्याचा राग त्यांच्याच माणसांतून व्यक्त झाला होता. परंतु तेथे लेखकाने सर्वांत आधी स्वतःला उघडे केले होते आणि त्या रागाला तोंड द्यायलाही तोच उभा होता. आपल्या नाटकात आपले काहीच पणाला लागलेले नाही; जे लागले आहे ते ताईंचे आहे. म्हणून तो दाखला आपल्या कामाचा नाही.

ताईंच्या होकाराबद्दल मला अधिक काळजी वाटते. ज्या घरातून दर महिन्याला पगार मिळतो, त्या घरच्या मालकाने कामाच्या वेळी विचारलेल्या प्रश्नाला नकार देणे किती बायकांना शक्य असते? त्यांचे उत्तर पुन्हा वाचून पाहा. नाही म्हणण्याची आपल्याला सोय नाही, हेच त्यांनी आपल्याला सांगितले आहे.

शिवाय या गोष्टीत तिसरे एक माणूस आहे, ज्याला कोणीच विचारलेले नाही. दुसऱ्या अंकात बाप शेवटच्या दिवशी मुलीला नवे दप्तर घेऊन देतो, हा प्रसंग आपण फार हळुवारपणे लिहिला आहे. मात्र ही मुलगी आज नागपुरातल्याच शाळेत नववीत असून वडील हृदयविकाराने गेले असे तिने वर्गात सांगितले आहे, हे आपणच पत्रासोबतच्या टिपणात लिहिता. नावे बदलली तरी गावाजवळचे धरण, साडेतीन एकर रान, दिराशी चाललेला बांधाचा वाद आणि ते दप्तर जसेच्या तसे आहे. ओळखीच्या एकाही प्रेक्षकाने ते ओळखले तर त्या मुलीने स्वतःभोवती उभारलेला आडोसा एका संध्याकाळीत जाईल. आई स्वतःच्या दुःखापुरती संमती देऊ शकते; मुलीने जे लपवून ठेवले आहे ते उघड करण्याची संमती तिलाही देता येणार नाही, असे माझे ठाम मत आहे. तो प्रसंग काढावा.

त्याने नाटक दुबळे होणार नाही, कारण त्याचे खरे बळ ‘पात्र–अपात्र’च्या प्रवेशात आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचे प्रकरण ‘पात्र’ ठरले तर त्याच्या कुटुंबाला शासनाच्या २००६ च्या निर्णयानुसार मिळणाऱ्या एक लाख रुपयांच्या मदतीत ३० हजार तातडीने आणि ७० हजार ठेवीच्या रूपात मिळतात. त्यासाठी जमीन कोणाच्या नावावर होती, कर्ज बँकेचे, सोसायटीचे की परवानाधारक सावकाराचे, थकबाकीचा तगादा होता की नाही, हे सर्व कागदोपत्री सिद्ध व्हावे लागते. नवरा गेल्यानंतर थोड्याच दिवसांत सातबारा आणि पासबुक पिशवीत घालून तलाठी कार्यालयाच्या ओट्यावर बसलेली बाई आपण उभी केली आहे. ही व्यवस्था सार्वजनिक आहे, तिच्यावर कितीही कठोरपणे लिहायला आपल्याला कोणाची परवानगी नको. तो प्रवेश वाढवा. दुसऱ्या तालुक्यांतल्या, दुसऱ्या घरांच्या हकिकती मिळवून त्या बाईला ताईंपासून इतकी दूर न्या की ती एका घराची राहणार नाही.

शेवटच्या प्रवेशात रंगमंचावर कीटकनाशकाची बाटली आणि ते पिणे दाखवले आहे, तेही नको. रंगमंच आणि पडद्यावर काम करणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत आत्महत्येची पद्धत दाखवू नये असे सांगितले आहे, कारण आधीच खचलेल्या प्रेक्षकाच्या बाबतीत त्याचा धोका असतो. नाटकाची संहिता प्रयोगाआधी तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र मिळाले म्हणून ही जबाबदारी संपत नाही.

नवी संहिता ताईंना वाचून दाखवावी. मात्र ती आपल्या स्वयंपाकघरात नको आणि आपणही नको. संस्थेतील एखाद्या बाईंनी ताईंच्या सोयीने, मुलगी घरी नसताना हे काम करावे, आणि कोणती ओळ नको हे सांगायला त्यांना आठवडाभर तरी द्यावा. तोवर पैशाचा विषय काढू नये, त्याने नकार देणे आणखी अवघड होते. त्यांचे उत्तर आल्यावर, ते काहीही असो, त्यांच्या वेळेचे मानधन निर्मितीखर्चातून द्यावे. त्याचा पारितोषिकाशी संबंध नसावा. ताईंना नाटकच नको असेल तर यंदाची प्रवेशिका मागे घ्यावी, आणि त्यांचे काम व पगार जसा आहे तसाच चालू राहील हे आपल्या पत्नीने त्यांना त्याच दिवशी सांगावे.