काकांची एफडी मोडायच्या आधी पगाराचं खातं हलवा

प्रश्न असा आहे. वाचक लहानपणापासून इंग्लंडमध्ये, सध्या स्लाऊला राहतात. २०२४ मध्ये पदवी झाली. विद्यार्थी खात्यावरचा बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट (खात्यात पैसे नसतानाही ठरावीक मर्यादेपर्यंत काढता येणारी उचल) १,८५० पौंडांनी वापरलेला होता आणि तो तसाच राहिला. खातं आपोआप साधं झालं, ३९.९ टक्के व्याज सुरू झालं. आता बँकेचं पत्र आलंय: मर्यादा रद्द, ३० दिवसांत सगळी रक्कम भरा. हातात महिन्याला १,७२० पौंड पगार येतो, खर्च १,४८० चा, बचत खात्यात ९०० पौंड. नाशिकचे काका एफडी मोडून दोन लाख पाठवायला तयार आहेत. घ्यावेत का?

माझं उत्तर: आत्ता नाही. कारणं खाली येतीलच, पण त्याआधी एक काम याच आठवड्यात करून टाका.

तुमचा पगार याच खात्यात येतो आणि ९०० पौंडही याच बँकेच्या बचत खात्यात आहेत. ओव्हरड्राफ्ट हे मागताक्षणी परत करायचं कर्ज असतं. करारातच तसं लिहिलेलं असतं. मुदत संपली की तुमच्याच नावाच्या दुसऱ्या खात्यातली रक्कम बँक वळती करून घेऊ शकते. मर्यादा रद्द झाल्यावर उणे खात्यात आलेला पगार तर थेट भगदाडातच जातो आणि त्या महिन्याचं भाडं अडकतं. म्हणून दुसऱ्या बँकेत साधं, ओव्हरड्राफ्ट नसलेलं खातं उघडा. बँक त्याच गटातली नको: लॉइड्स आणि हॅलिफॅक्स एका घरच्या, नॅटवेस्ट आणि आरबीएसही. खातं बदलून देणारी सात दिवसांची स्विच सेवा मात्र वापरू नका. ती जुनं खातं बंद करते आणि त्यासाठी उणे रक्कम आधी फेडावी लागते. ऑफिसात नवा खाते क्रमांक द्या, भाडं आणि फोनचे डायरेक्ट डेबिट (खात्यातून आपोआप कापली जाणारी देणी) एकेक करून हलवा. कार्डावर चालणारी वर्गणी (जिम, चित्रपट सेवा) डायरेक्ट डेबिटच्या यादीत दिसत नाही, तिथे कार्ड क्रमांक स्वतः बदलावा लागतो. बहुतेकांचं इथेच राहून जातं. बचतीचे ९०० सुद्धा हलवा.

मग बँकेला फोन. पहिला प्रश्न एकच: खातं पदवीधर खात्यात बदलता येईल का? पदवीनंतर दोन-तीन वर्षं ही सोय अनेक बँका ठेवतात आणि बिनव्याजी मर्यादा दरवर्षी कमी करत नेतात. तुम्ही बहुधा त्या मुदतीत बसता. खातं साधं झालं म्हणजे दार बंदच झालं, असं समजू नका. बँक ‘हो’ म्हणाली तर निम्मा प्रश्न तिथेच सुटला. ‘नाही’ म्हणाली तर दुसऱ्या बँकेच्या पदवीधर खात्यासाठी किंवा शून्य टक्के मनी ट्रान्सफर कार्डासाठी (उसनी रक्कम थेट खात्यात टाकणारं, काही काळ बिनव्याजी क्रेडिट कार्ड) पात्रता तपासून बघा, पण आधी फक्त तपासणीच. तिचा ठसा इतर बँकांना दिसत नाही, प्रत्यक्ष अर्जाचा दिसतो. चार ठिकाणी अर्ज टाकून चार नकार पदरात घेणं सगळ्यात वाईट. कार्डाचं शुल्क ४ टक्के धरलं तर १,२५० पौंडांवर ५० पौंड होतात.

१,२५० हा आकडा का? कारण बचतीतले ६०० आत्ता भरावेत आणि ३०० हाताशी ठेवावेत, असं मला वाटतं. उरलेल्या १,२५० साठी महिना १८० पौंड देऊ करा. सात महिन्यांत संपेल. तुमच्याकडे २४० उरतात, पण २४० च देऊ करणं चूक. एखाद्या महिन्यात दाताचा डॉक्टर निघाला की हप्ता चुकतो आणि मोडलेला करार हा न केलेल्या करारापेक्षा बँकेला जास्त खटकतो. प्रस्ताव लेखी द्या: उत्पन्न-खर्चाचा तक्ता, हप्त्याची तारीख आणि व्याज थांबवण्याची स्पष्ट विनंती. अडचणीतल्या ग्राहकाशी समजुतीने वागणं बँकांना नियामकाने बंधनकारक केलंय, हेही त्यात लिहा. व्याज थांबलं नाही, तर याच हप्त्यात सुमारे आठ महिने आणि १६० पौंड जातील. थांबवून घेणं म्हणूनच महत्त्वाचं.

आता काका. १,२५० पौंड म्हणजे पौंड ११५ रुपये धरला तर १,४३,७५० रुपये. कायद्याची अडचण नाही. भेट म्हणून पाठवता येतात, आणि वर्षाला दहा लाखांच्या आत टीसीएसही (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर) कापला जात नाही. पण एफडी मुदतीआधी मोडली की काही व्याज जातं, वर बँकेचा विनिमय दरातला फरक आणि शुल्क. सात महिन्यांत पगारातून फिटणाऱ्या रकमेसाठी नात्यात पैसा आणू नये, हे माझं मत. व्याज थांबवायला आणि हप्त्यांना बँकेने साफ नकार दिला आणि डिफॉल्टची (कर्ज थकवल्याची नोंद होणार असल्याची) सूचना हातात पडली, तरच काकांना फोन करा. डिफॉल्ट नोंदवण्याआधी साधारण २८ दिवसांची सूचना येते, तेवढ्या वेळात पैसे पोचतात.

ती सूचना कधीही दुर्लक्षू नका. डिफॉल्टची नोंद सहा वर्षं पतनोंदीत राहते. हप्त्यांच्या कराराचीही नोंद होते, पण ती खूपच सौम्य.

बँकेने अडवणूक केली तर लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारी संस्था) जा. बँकेच्या अंतिम उत्तरापासून त्यासाठी सहा महिने असतात आणि शुल्क नसतं. प्रकरण वसुली कंपनीकडे गेलं आणि ‘दाव्यापूर्वीचं पत्र’ आलं, तर सोबतचा उत्तराचा फॉर्म ३० दिवसांत भरून पाठवा. न्यायालयाचा निकाल विरुद्ध लागलाच, तर एका महिन्यात पूर्ण रक्कम भरल्यास तो नोंदवहीतून निघतो. नाहीतर तोही सहा वर्षं.

मधेच नोकरी गेली तर स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थांशी बोला. तिन्ही फुकट आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ पासून कर्ज सल्लागारामार्फत ६० दिवसांची ‘ब्रीदिंग स्पेस’ मिळते, त्या काळात व्याज आणि वसुली थांबते. ‘तुमचं कर्ज आम्ही सांभाळतो’ म्हणून महिन्याला शुल्क घेणाऱ्या कंपन्यांच्या वाटेला जाऊ नका.

विद्यार्थी कर्जाची चिंता यात मिसळू नका. ते पगारातून परस्पर कापलं जातं, पतनोंदीत दिसत नाही, आणि तुम्ही २०२१ मध्ये शिकायला लागला असाल तर वर्षाला सुमारे २५ हजारांच्या पगारावर त्याची कपात सुरूच होत नाही.