बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समध्ये कारने फिरताना दोन दिवसांत पहिल्या महायुद्धाच्या किती युद्धभूमी बघून होतात? मुलांना न्यावं का?

उरकायच्याच असतील तर दहाही होतात. आमच्या मेहुण्यांनी अकरा लिहून आणल्या होत्या, मिनिटांसकट. फ्रान्समधल्या तीएपवालच्या स्मारक-कमानीला 25 मिनिटं! त्या कमानीवर 72,000 हून अधिक बेपत्ता सैनिकांची नावं आहेत. 25 मिनिटांत माणूस पायऱ्या चढतो, फोटो काढतो आणि उतरतो.

नव शापेलचं भारतीय स्मारक यादीत नव्हतंच, मी हट्टाने घालायला लावलं. चौरस्त्यावरच आहे. 15 मीटर उंच खांब, माथ्यावर कमळ, दोन दगडी वाघ आणि गोल भिंतीवर 4,700 हून अधिक नावं, ज्यांना कबरच मिळाली नाही अशांची. खांबावर इंग्रजी, अरबी, गुरुमुखीच्या जोडीला देवनागरी अक्षरं दिसली तशी मुलगी धावत तिकडे गेली. मेहुणे गाडीतच बसले, इंजिन चालू ठेवून.

मी सॅपर्सची, म्हणजे लष्करातल्या बांधकाम-खोदकाम करणाऱ्या जवानांची, नावं शोधत होतो. माझे आजोबा पुढे खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये होते. 28 ऑक्टोबर 1914 ला बॉम्बे सॅपर्सच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या, 47 व्या शीख पलटणीबरोबर, या गावात शिरल्या. खंदक खणणारी, पूल बांधणारी माणसं, त्यांना पायदळासारखं घराघरांतून लढवलं. मागून कुमक आली नाही. दोन्ही कंपन्यांचे सगळे इंग्रज अधिकारी मेले किंवा जखमी झाले. भिंतीवर नावं इंग्रजी अक्षरांत आहेत, पण मराठी कुठलं हे कुणाला विचारावं लागत नाही. मी बोट लावून दुसरी ओळ वाचत होतो आणि मेहुण्यांनी हॉर्न दिला. स्मारकाच्या दारात, हॉर्न.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "महिना 11 रुपयांवर इंग्रजांसाठी लढले. भाडोत्रीच की. त्यांच्यापायी पाऊण तास?" मी म्हटलं, आजोबाही पगारच घ्यायचे आणि तुम्हीही घेता. पुढे बराच वेळ कुणी बोललं नाही. आणि गंमत म्हणजे रस्त्यापलीकडच्या पोर्तुगीज दफनभूमीचे, 1,831 कबरींचे, फोटो याच गृहस्थांनी आधी हौसेने काढले होते. परके चालतात, आपले भाडोत्री.

तेव्हा दिवसाला तीन ठिकाणं, जास्त नाहीत, आणि त्यातलं एक नव शापेल. निघण्याआधी कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या साइटवर पलटणीचं नाव टाकून बघा, फुकट आहे, नाव कुठल्या फलकावर आहे तेही कळतं. बेल्जियममधल्या ईपर गावात संध्याकाळी 8 ला मेनिन गेट या स्मारक-वेशीखाली बिगुल वाजतो, रोज. जागा हवी तर अर्धा तास आधी उभे राहा. लांगेमार्कची जर्मन दफनभूमीही बघा, एकाच खड्ड्यात सुमारे 25,000 जण आहेत, म्हणजे जिंकलेल्यांच्या पांढऱ्या कबरींच्या रांगांनंतर जरा डोकं ताळ्यावर येतं.

मुलांचं म्हणाल तर न्या. माझी नऊ वर्षांची होती, मोठ्यांपेक्षा बरी वागली. अगदी लहान असतील तर लोखनागारचा सुरुंगाचा खड्डा तेवढा दाखवा, 1 जुलै 1916 चा, सुमारे 100 मीटर रुंद.

हां, एक राहिलं. शेतांच्या कडेला गंजलेले तोफगोळे ठेवलेले दिसतात, नांगरताना अजून निघतात. हात लावू नका, काही जिवंत असतात, काहींत विषारी वायू असतो. मेहुण्यांना एक घरी न्यायचा होता.