जर्मनीतल्या विद्यापीठात इमामाचं शिक्षण मिळतं, तर तिथे तुर्कस्तानातून इमाम का येतात?

याचं थेट उत्तर पगारात आहे. शिक्षणाची सोय बऱ्यापैकी झाली आहे.

२०१० मध्ये तिथल्या विज्ञान परिषदेने (उच्च शिक्षणावर सरकारला सल्ला देणारी संस्था) शिफारस केली आणि २०११ पासून केंद्र सरकारच्या पैशांतून ट्युबिंगेन, म्युन्स्टर, ओस्नाब्रुक, फ्रांकफुर्ट, एर्लांगेन अशा ठिकाणी इस्लामी धर्मशास्त्राचे विभाग उभे राहिले. कुराणाचा अर्थ, हदीस (पैगंबरांची वचनं आणि आचरण), फिक्ह (इस्लामी कायदेशास्त्र), इस्लामचा इतिहास, अरबी हे सगळं तिथे जर्मन भाषेतून आणि विद्यापीठाच्या शिस्तीने शिकवतात. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण तिथे विद्यार्थी प्रश्न विचारायलाही शिकतो.

पण नमाज पढवणं, खुतबा (शुक्रवारचं प्रवचन) देणं, मयताचे विधी, संसार मोडायला आलेल्या जोडप्याशी बोलणं हे पदवीत येत नाही. कॅथलिक पाद्रीही विद्यापीठानंतर सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या संस्थेत जातो, तसाच हा दुसरा टप्पा. त्यासाठी ओस्नाब्रुकला इस्लामकॉलेग ही संस्था आहे. २०२१ मध्ये तिथे दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. राज्यसत्तेने धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं असं संविधान सांगतं, म्हणून इमाम घडवण्याचं काम सरकार स्वतः करू शकत नाही. संस्था मुस्लिम संघटना आणि अभ्यासकांनी काढली, सरकारने पैशांची मदत केली.

आता पगार. चर्चच्या सभासदांकडून सरकारच कर गोळा करून चर्चला देतं. मशिदींना ती सोय नाही, त्या वर्गणी आणि देणग्यांवर चालतात. डितिब ही तिथली सर्वांत मोठी मशीद-संघटना. तिच्या इमामांना तुर्कस्तानचं दियानेत हे सरकारी धर्मखातं पगार देतं आणि काही वर्षांनी परत बोलावतं. फुकट मिळणारा इमाम सोडून स्वतःच्या वर्गणीतून पदवीधर कोण नेमणार? मग बरेच पदवीधर शाळेत धर्मशिक्षक होतात किंवा समाजकार्यात जातात. यात नुकसान मशिदीत येणाऱ्या तरुण पोरांचं होतं. ती जर्मनमध्ये विचार करतात आणि इमामाला बऱ्याचदा ती भाषा नीट येत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये जर्मन गृहखातं, दियानेत आणि डितिब यांच्यात ठरलं की तुर्कस्तानातून इमाम पाठवणं टप्प्याटप्प्याने थांबवायचं आणि दरवर्षी १०० जण जर्मनीतच तयार करायचे. दिशा योग्यच आहे. मात्र त्या १०० जणांना कायमची नोकरी आणि कुटुंब चालेल एवढा पगार कोण देणार, हे आधी ठरायला हवं. तुमच्या ओळखीचं कोणी या शिक्षणाचा विचार करत असेल, तर त्याला शाळेत शिकवण्याची पात्रताही सोबतच मिळवायला सांगा.