नदीकाठच्या रस्त्याचे चढउतार : सायकलस्वार वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डोंगराळ भागातील एका नदीच्या काठाने जाणारा सुमारे ६० किलोमीटरचा रस्ता आम्ही सायकलने पार करायचे ठरवले. प्रवास प्रवाहाच्या दिशेने असल्यामुळे तो उताराचा आणि म्हणून सोपा जाईल, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात शेवटच्या टप्प्यात पायांत त्राण उरले नाही. असे का व्हावे?

उत्तर : नदी कधी चढ चढत नाही; तिच्या काठचा रस्ता मात्र वारंवार चढतो. दोन्ही बाजूंच्या डोंगरांतून ओढे आणि उपनद्या मुख्य नदीला येऊन मिळतात. रस्ता अशा प्रत्येक ओढ्यापाशी पुलाच्या पातळीवर उतरतो आणि पुढचा ओढा येण्याआधी मधली डोंगराची सोंड ओलांडण्यासाठी पुन्हा वर जातो. नदीचा उतार किलोमीटरला ४ मीटर धरला, तर ६० किलोमीटरांत आपण २४० मीटर खाली येता. हा उतार ०.४ टक्के म्हणजे सायकलवर जेमतेम जाणवेल एवढाच असतो. त्याच अंतरात प्रत्येकी ४० मीटर उंचीच्या १५ सोंडा ओलांडाव्या लागल्या, तर एकूण चढ ६०० मीटर भरतो आणि पाय थकतात ते त्यामुळे.

चढात गेलेला वेळ उतारात भरून निघतो, हा समजही येथे दगा देतो. १० किलोमीटरचा चढ ताशी १० किलोमीटर वेगाने चढला आणि तेवढाच उतार ताशी ४० किलोमीटर वेगाने उतरला, तर सरासरी ताशी २५ किलोमीटर पडत नाही. २० किलोमीटरांना सव्वा तास लागतो, म्हणजे सरासरी पडते ताशी १६. सपाट रस्त्यावरील आपली सरासरी धरून परतीची वेळ ठरवणाऱ्यांना अंधार गाठतो तो यामुळेच.

रस्ता किती चढेल याचा अंदाज नदीच्या वळणांवरून घरबसल्या घेता येतो. नागमोडी वळणावर नदी बाहेरचा काठ कापत जाते आणि आतल्या काठाला गाळ टाकते. साहजिकच बाहेरच्या बाजूला उभा कडा आणि आतल्या बाजूला सौम्य, रुंद जमीन तयार होते. रस्ता वळणाच्या आतल्या अंगाने जात असेल तर तो बहुधा पाण्यालगत आणि सपाट राहतो. बाहेरच्या अंगाने जात असेल, तर तो कड्यात कोरलेला असतो किंवा कड्यावरून चढून जातो. जर्मनीतील मोझेल नदीचे खोरे याचे उत्तम उदाहरण आहे. ट्रियर ते कोब्लेन्ट्स हे अंतर नदीच्या काठाने सुमारे १९० किलोमीटर भरते आणि सरळ रेषेत त्याच्या जवळपास निम्मे. काठाकाठाने गेल्यास तेथे चढ नगण्य आहेत. पण वळसा वाचवण्यासाठी मधली सोंड ओलांडू गेल्यास द्राक्षमळ्यांतून जाणारे तीव्र चढ वाट्याला येतात. वाचलेले अंतर आणि वाढलेला चढ यांचा हिशेब मांडूनच असा निर्णय घ्यावा. माझे मत विचाराल तर लांबचा रस्ता बहुतेक वेळा कमी त्रासाचा असतो, आणि नदी पाहायलाच निघालेल्या माणसाने नदी सोडून जाण्यात तसे स्वारस्यही नसते.

खोल घळीतील नद्यांची गोष्ट निराळी आहे. तेथे पाण्यालगत रस्त्याला जागाच उरत नाही आणि तो वरच्या कड्याने न्यावा लागतो. फ्रान्समधील आर्देश नदीच्या घळीचा प्रसिद्ध रस्ता असाच नदीपासून खूप उंचावरून, चढत आणि उतरत जातो. नकाशावर तो नदीला चिकटलेला दिसतो, म्हणून समोच्च रेषा, म्हणजे नकाशावरील सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, पाहिल्याशिवाय अशा रस्त्यावर निघू नये. रस्त्याची रेघ समोच्च रेषांना समांतर जात असेल तर रस्ता सपाट समजावा. ती त्यांना छेदत असेल तर चढ किंवा उतार, आणि थोड्या अंतरात अनेक रेषा छेदत असेल तर तीव्र चढ किंवा उतार.

प्रश्न : एकाच मार्गाचा एकूण चढ एका अ‍ॅपमध्ये ७०० मीटर आणि दुसऱ्यामध्ये ११०० मीटर दिसतो. कोणावर विश्वास ठेवावा?

उत्तर : अरुंद खोऱ्यातील मार्गासाठी बहुधा कमी आकड्यावर. मार्ग आखणारी अ‍ॅप जमिनीच्या उंचीची जी माहिती वापरतात, ती चौकोनी तुकड्यांत साठवलेली असते आणि एका तुकड्याला एकच उंची दिलेली असते. सपाट मुलखात त्याने काही बिघडत नाही. कड्यात कोरलेला रस्ता मात्र कधी वरच्या डोंगराच्या तुकड्यात मोजला जातो, तर कधी खालच्या पात्राच्या, आणि प्रत्यक्षात सपाट असलेल्या रस्त्याच्या आलेखावर करवतीचे दाते उमटतात. बोगद्याच्या ठिकाणी अ‍ॅप आपल्याला डोंगरावरून चढवते आणि उंच पुलाच्या ठिकाणी दरीत उतरवते. आलेखात अर्ध्या किलोमीटरच्या आत अचानक ८० मीटर उंचीचा सुळका दिसला, तर नकाशात त्या जागी बोगदा आहे का ते पाहावे. सायकलवरील संगणकात हवेच्या दाबावरून उंची मोजण्याची सोय असेल, तर त्या मार्गावरून आधी जाऊन आलेल्या कोणाची नोंद अधिक भरवशाची असते.

प्रश्न : खोऱ्यात वरच्या अंगाला जाऊन परत यायचे आहे. सकाळी निघावे की दुपारी?

उत्तर : सकाळी निघावे. उन्हाने डोंगरउतार तापले की त्यांना लागून असलेली हवा हलकी होऊन वर सरकते आणि तिची जागा घेण्यासाठी खोऱ्याच्या तोंडाकडून वरच्या दिशेने वारा वाहू लागतो. शाळेच्या भूगोलात आपण त्याला दरीय वारे म्हणून शिकलो. स्वच्छ हवेच्या दिवशी ते दुपारपूर्वी सुरू होतात आणि दुपारनंतर त्यांचा जोर सर्वाधिक असतो. रात्री थंड, जड हवा उलट दिशेने, उतारावरून खाली वाहते. इटलीतील गार्डा सरोवराच्या उत्तर टोकाला हे वारे इतके नियमित असतात की त्यांना नावेच आहेत : सकाळी उत्तरेकडून येणारा ‘पेलेर’ आणि दुपारी दक्षिणेकडून येणारा ‘ओरा’.

समोरच्या वाऱ्याला कमी लेखू नये, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना ताशी १५ किलोमीटरचा वारा तोंडावर आला, की रोध अडीच पटींहून अधिक होतो, आणि सायकलसह ८४ किलो वजनाच्या स्वारासाठी वाढलेला भार साधारण २ टक्के चढाएवढा भरतो. म्हणजे ०.४ टक्के उताराच्या रस्त्यावर प्रवाहाच्या दिशेने परतत असतानाही आपण चढच चढत असल्यासारखे पेडल मारत राहता. म्हणून परतताना भर दुपार गाठणे सर्वांत वाईट. परतीची दुपार टाळता येत नसेल, तर निदान पायांत बळ राखून परतावे. पहाटे निघणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : स्वच्छ आकाशाच्या रात्रीनंतर थंड हवा खोऱ्याच्या तळाशी साचते, त्यामुळे वरच्या उतारापेक्षा नदीकाठी गारठा जास्त आणि धुकेही तेथेच असू शकते. पुढचा आणि मागचा असे दोन्ही दिवे लावूनच निघावे.

प्रश्न : मुख्य खोरे सोडून बाजूच्या दरीतून खिंडीपर्यंत चढायचे आहे. आलेखात सुरुवातीचे दोन किलोमीटर फार तीव्र आणि नंतरचा चढ सौम्य दिसतो. हे खरे असेल का, आणि त्यासाठी गिअर कोणते असावेत?

उत्तर : खरे असण्याची शक्यता मोठी आहे. मुख्य खोरे हिमनदीने कोरलेले असेल, तर त्याचा तळ रुंद आणि बाजूच्या भिंती उभ्या असतात. लहान हिमनद्यांना तेवढे खोल कोरता न आल्यामुळे बाजूच्या दऱ्या त्या भिंतीवर उंचावर लोंबत राहतात. त्यांच्यात शिरण्यासाठी रस्त्याला आधी ती भिंत नागमोडी वळणांनी चढावी लागते आणि मग आतला भाग तुलनेने सौम्य लागतो. फ्रान्समधील आल्प द्यूएझचा सुमारे १३.८ किलोमीटरचा आणि २१ वळणांचा घाट लोंबत्या दरीत जात नसला, तरी रोमांश नदीच्या सपाट तळातून तशीच भिंत चढतो. त्याची सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास असली, तरी त्याचे पहिले टप्पे १० टक्क्यांच्या वर आहेत. सपाट रस्त्यावरून वेगात आलेला स्वार याच ठिकाणी घाईने ताकद खर्च करून बसतो.

गिअरचे उत्तर आकड्यांनीच द्यावे लागेल. पुढे ३४ दात्यांची आणि मागेही ३४ दात्यांची चक्री असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा, म्हणजे सुमारे २.१ मीटर अंतर होते. मिनिटाला ७० फेऱ्यांच्या गतीने हा वेग ताशी ९ किलोमीटरच्या थोडा आत राहतो आणि ८ टक्के चढावर वर सांगितलेल्या ८४ किलो वजनासाठी साधारण १७० वॅट लागतात. मागची मोठी चक्री २८ दात्यांची असेल तर त्याच गतीला २०० वॅटहून अधिक लागतील. तासभर २०० वॅट देणे हे नियमित सराव असलेल्याचे काम आहे. तो नसेल तर पेडलची गती घटते आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. मागे सर्वांत मोठी चक्री ३४ दात्यांची असलेली कॅसेट, म्हणजे मागच्या चक्र्यांचा संच, बसवून घ्यावी, मात्र आपल्या सायकलचा मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग, तेवढी मोठी चक्री पेलतो का, याची मेकॅनिककडून खातरजमा करावी. गिअर लहान ठेवण्यात कमीपणा वाटणाऱ्यांनी व्यावसायिक शर्यतपटूंच्या सायकलींकडे पाहावे. तीव्र घाटात तेही पूर्वीपेक्षा लहान गिअर वापरतात.

प्रश्न : अशा रस्त्यांसाठी २५ मिलिमीटरचे टायर चालतील का?

उत्तर : चालतील, पण फ्रेममध्ये जागा असल्यास २८ किंवा ३२ मिलिमीटरचे घ्यावेत आणि हवा थोडी कमी ठेवावी. नदीकाठची सावलीतली वळणे दुपारपर्यंत ओली राहतात व त्यांवर पाला आणि शेवाळ असते. रुंद टायर तेथे पकड अधिक धरतो.

प्रश्न : लांब उतारावर मला भीती वाटते, म्हणून मी सतत ब्रेक धरून उतरते. मैत्रिणी म्हणतात की हे धोक्याचे आहे. उतरावे तरी कसे?

उत्तर : आपल्या मैत्रिणींचे म्हणणे बरोबर आहे. उंचीवरून खाली येताना सुटणारी ऊर्जा हवेत जाते किंवा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने साठते. वेग कमी असताना हवेचा वाटा अगदी थोडा राहतो, त्यामुळे हलकेच पण अखंड धरलेला ब्रेक तापतच जातो. चाकाच्या कडेवर, म्हणजे रिमवर, दाबणारा रिम ब्रेक असल्यास रिम इतकी तापू शकते की आतली ट्यूब फुटते, आणि कार्बनच्या रिमला तर इजाही होते. डिस्क ब्रेक असल्यास तापल्यावर त्याची पकड मंदावते. त्याऐवजी सरळ पट्ट्यात सायकलला थोडे मोकळे सोडावे, वळण येण्यापूर्वी दोन्ही ब्रेक ठामपणे पण धक्का न देता दाबून वेग उतरवावा आणि वळणात शिरताना ते सोडावेत. बाहेरच्या बाजूचे पेडल खाली ठेवून त्यावर भार द्यावा आणि नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवावी. हात हँडलच्या खालच्या भागावर असले, तर ब्रेकवर बोटांची पकड चांगली बसते.

मोकळे सोडण्याचे धाडस होत नसेल, तर भीती दाबून वेग वाढवू नये. दर काही वळणांनंतर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि ब्रेक निवू द्यावेत. थांबल्यावर रिमला किंवा डिस्कला बोट मात्र लावू नये, चटका बसतो. निघण्यापूर्वी ब्रेक पॅड किती झिजले आहेत हे पाहावे, आणि बोगदा दिसताच गडद चष्मा आत शिरण्याआधीच काढावा.