सर, पाच किलोवॅट कशाला?

कोल्हापूरच्या फुलेवाडीतल्या एका माध्यमिक शिक्षकांचं पत्र आलंय. वय 52, स्वतःचं घर, खाली हे राहतात, वर भाडेकरू. त्यांच्या पत्राचा मथितार्थ असा:

'सोलरवाला घरी येऊन गेला. पाच किलोवॅटचे 3 लाख 25 हजार सांगतो. 78 हजार अनुदान जाऊन 2 लाख 47 हजार पडतील, बिल शून्य येईल आणि तीन वर्षांत पैसे वसूल, असं म्हणतो. माझी 3 लाखांची ठेव फेब्रुवारीत सुटतेय, ती याला लावू का? मुलगी अकरावीत आहे, दीड वर्षानं पुण्याला इंजिनिअरिंगला जाईल. चार-पाच वर्षांत वर आणखी एक मजला चढवायचाही विचार आहे. सौ. म्हणते, गच्ची अडवू नका. भाऊ म्हणतो, बॅटरीसकट घे.'

सोबत त्यांनी विजेचं बिल आणि दरपत्रक जोडलं होतं. निम्मं उत्तर त्या बिलातच आहे.

सर, सोलर घ्या. पण दोन किलोवॅटचं घ्या, आणि ती ठेव अख्खी मोडू नका. आता हिशेब सांगतो.

महावितरणच्या बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो. आपण शेवटचा आकडा बघतो, जमलं तर शिव्या घालतो आणि कागद टीव्हीमागं खोचतो. तुमची बारा महिन्यांची बेरीज मी केली: 3,180 युनिट. महिन्याला सरासरी 265. एप्रिलमध्ये 382, जुलैत 204. वर्षभरात तुम्ही साधारण 37 हजार रुपये भरता.

या 265 युनिटचा दर मात्र एकच नाही. वहन आकार (वीज तारांमधून घरापर्यंत आणण्याचा खर्च) धरून पहिली 100 युनिटं सहा रुपयांच्या आसपास पडतात. 101 पासून 300 पर्यंतची अकरा-साडेअकराला, म्हणजे जवळपास दुप्पट. त्यावर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे तुमचं महागडं युनिट तेरा रुपयांच्या घरात जातं आणि स्वस्त युनिट सातच्या. छपरावर तयार झालेली वीज तुमच्या वापरातून वजा होते ती वरच्या बाजूनं, आधी महाग युनिटं आणि मग स्वस्त. सोलरचा सगळा फायदा या एका गोष्टीत आहे आणि विक्रेत्याची सगळी गफलतही इथंच आहे.

आपल्याकडं एका किलोवॅटला दिवसाला सरासरी चारच्या आत-बाहेर युनिटं मिळतात. कोल्हापूरचा पाऊस धरून मी वर्षाला 1,350 च धरतो. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा उत्पादन निम्म्यावर येतं. दोन किलोवॅटचे वर्षाला 2,700 युनिट झाले. तुमच्या 3,180 मधून ते गेले की उरतात 480. महिन्याला चाळीस, तीही सगळी स्वस्त टप्प्यातली. स्थिर आकार काही सुटत नाही, तो भरायचाच. तरी 37 हजारांचं बिल पाचेक हजारांवर येतं. वाचले 32 हजार. मी त्यातले चार हजार काढून 28 हजारच धरतो, कारण इंधन समायोजन आकार वर-खाली होतो, दर बदलतात आणि पॅनेलही दरवर्षी अर्धा-पाऊण टक्का मंदावतं.

खर्च किती? दोन किलोवॅटला चांगल्या सांगाड्यासह 1 लाख 40 हजार धरा. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30 हजार मिळतात, तिसऱ्याला 18 हजार, आणि त्यापुढं कितीही मोठा संच लावा, अनुदान 78 हजारांवर थांबतं. दोनला 60 हजार मिळाले की तुमच्या खिशातून जाणार 80 हजार. वर्षाला 28 हजार वाचले तर तीन वर्षांच्या आत वसूल. विक्रेता 'तीन वर्षं' म्हणाला ते खरंच आहे, फक्त ते दोन किलोवॅटला लागू पडतं.

त्याच्या पाच किलोवॅटचं गणित बघा. वर्षाला 6,750 युनिट गुणिले तेरा-सव्वातेरा रुपये, झाले 90 हजार. अहो पण तुम्ही वीज वापरताच 37 हजारांची! जे बिल येतच नाही ते वाचणार कसं? 3,180 च्या वरची साडेतीन हजार युनिटं खात्यावर साठत जातात आणि 31 मार्चला हिशेब होतो. उरलेली वीज महावितरण विकत घेतं, पण तुम्ही ज्या दरानं घेता त्या दरानं नव्हे. तो दर कितीतरी कमी असतो. सोयीसाठी तीन रुपये धरा, वर्षाला साडेदहा हजार झाले. त्यात राहिलेल्या 480 स्वस्त युनिटांचे तीनेक हजार मिळवा. म्हणजे दोनच्या जागी पाच किलोवॅट घेताना जादाचे 1 लाख 67 हजार घालून वर्षाला मिळणार चौदा हजारांच्या आत. बारा वर्षं लागतील. दूध संस्थेला दूध घालणाऱ्याला विचारा, स्वतःच्या घरी लागतं त्यापेक्षा जास्त दूध काढायला तो म्हैस घेतो ते दर बघूनच. तुम्हाला इथं दर मिळत नाही.

तीन किलोवॅटचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात येईलच. घरी एसी बसवायचा नक्की असेल, किंवा विजेवरची गाडी येणार असेल, तर तीन घ्या, माझी हरकत नाही. पण दीड वर्षानं मुलगी पुण्याला गेली की घरातला वापर कमी होणार आहे. तिच्या खोलीतला पंखा, गीझर, रात्री दोनपर्यंतचा दिवा, सगळं पुण्यातल्या मालकाच्या मीटरवर जाईल. कमी होणाऱ्या वापरासाठी मोठं यंत्र घेऊ नका. आणि वरच्या भाडेकरूचा मीटर वेगळा आहे, हे विसरू नका. तुमच्या मीटरला जोडलेला संच तुमचंच बिल कमी करणार, त्यांचं नाही.

आता ठेव. सात टक्क्यांची ठेव मोडून छपरावर पैसे लावायचे का, असं विचारताना लोक सात टक्के आणि वाचलेलं बिल शेजारी ठेवतात आणि कर विसरतात. तुम्ही जुन्या करप्रणालीत 20 टक्क्यांच्या टप्प्यात आहात. ठेवीच्या व्याजावर कर बसतो, वाचलेल्या बिलावर बसत नाही. वर्षाला निव्वळ 28 हजार हातात यायला सात टक्क्यांनी 5 लाखांची ठेव लागेल. ते काम 80 हजार करताहेत. ठेवीची मुद्दल परत मिळते आणि पॅनेलची मिळत नाही, हे खरं. पण तीन वर्षांत मुद्दल भरून निघत असेल आणि पुढं वीस वर्षं यंत्र चालणार असेल, तर तो फरक मला टोचत नाही. मध्ये दहाएक वर्षांनी संचाचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारी पेटी, बदलावा लागेल, त्याला तीस-पस्तीस हजार मनात धरून ठेवा.

म्हणून फेब्रुवारीत 3 लाख सुटले की 1 लाख 40 हजार सोलरला आणि बाकीचे 1 लाख 60 हजार मुलीच्या प्रवेशापर्यंतच्या मुदतीनं पुन्हा ठेवा. पूर्ण रक्कम आधी द्यावी लागते आणि अनुदान नंतर तुमच्या बँक खात्यात येतं. ते 60 हजार आले की त्याच ठेवीत जाऊ द्या. आणि वाचलेल्या बिलाचे महिना 2,300 रुपये आवर्ती ठेवीत. हे शेवटचं मी सगळ्यांना सांगतो आणि फारसं कुणी करत नाही. बिल कमी झालं की सहा महिन्यांत घरात एसी येतो.

कर्ज? या योजनेत तीन किलोवॅटपर्यंत सरकारी बँका तारणाशिवाय स्वस्तात देतात. हातात पैसा नसेल त्यानं जरूर घ्यावं. तुम्हाला 80 हजारांसाठी आणखी एका हप्त्याची कटकट नको.

वरचा मजला चार-पाच वर्षांनी चढेल म्हणता. त्याच कारणासाठी मी मोठ्या संचाला नाही म्हणतोय. दोन किलोवॅटला साधारण 540 वॅटची चार पॅनेलं लागतात. ती उतरवून वर पुन्हा चढवायला एक-दोन दिवस आणि काही हजार लागतील, पण तोवर पैसे वसूल झालेले असतील. पाच किलोवॅटचे तेव्हा पूर्ण निघालेले नसतील, शिवाय बांधकामाच्या ऐन गडबडीत नऊ-दहा पॅनेलं, त्यांचा सांगाडा आणि त्यावर सिमेंटचा धुरळा, हे मी एका घरी बघितलंय. एवढं मात्र करा की स्लॅबला भोकं पाडून सांगाडा बसवू देऊ नका. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा करायला सांगा. कोल्हापूरच्या पावसात गळकी स्लॅब म्हणजे सोलरमध्ये वाचवलेलं सगळं वॉटरप्रूफिंगवाल्याला देणं.

बॅटरीबद्दल भावाचा मुद्दा समजतो. बऱ्याच जणांना वाटतं की सोलर लावलं की लाइट गेली तरी घर उजळलेलं. तसं नसतं. महावितरणच्या तारेशी जोडलेला संच लाइट गेली की स्वतःहून बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती सोय आहे. तुमच्या घरी साधा इन्व्हर्टर आणि बॅटरी आहेच, पंखे-दिवे त्यावर चालतात. नव्या बॅटरीला लाखभर घालून आपल्याकडच्या तास-दोन तासांच्या खंडासाठी उपयोग काय?

आता माझ्या घरची गोष्ट, कारण इथं मी स्वतः फसलोय. माझ्या गच्चीची पाहणी करायला ठेकेदाराचा माणूस मे महिन्यात आला, भर दुपारी. टाकीच्या उत्तरेला जागा मोकळी होती, सावलीचं नाव नव्हतं. कसं असेल? मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात शून्य सावलीचा दिवस असतो, त्या सुमारास दुपारी माणसाची सावली पायाखाली जाते. त्यानं तिथंच पॅनेलं ठोकली. डिसेंबर उजाडला आणि दहा फूट उंच टाकीची सावली भर दुपारी उत्तरेला साडेआठ फुटांपर्यंत आली. दोन पॅनेलं अर्धी झाकली, पण सगळी एका माळेत जोडलेली, त्यामुळं अख्खी ओळच सुस्तावली. मोबाइलवर उत्पादनाचा आलेख बाराला चढायच्या ऐवजी खाली बसायचा. पुन्हा सांगाडा हलवायला पैसे मलाच पडले. तुम्हाला आयतीच संधी आहे, आत्ता डिसेंबर चालू आहे. एका रविवारी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला गच्चीवर जाऊन खडूनं सावल्या आखा. टाकी, जिन्याची खोली, सोलर बंब, शेजारचा नारळ, सगळं. आखलेल्या रेघांच्या बाहेर साधारण 200 चौरस फूट सलग जागा मिळाली की काम झालं. त्याचे फोटो ठेवा आणि पाहणीला येणाऱ्याला दाखवा. दरपत्रक देणारा गच्चीवर चढला का, हे पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक चढला नसावा.

तुमच्या दरपत्रकातही दोन गोष्टी खटकल्या. पॅनेलवर 12 टक्के जीएसटी लावलाय. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झाला आहे, दर नव्यानं मागा. आणि पॅनेलं कुठली, ते कुठंच लिहिलेलं नाही. अनुदानासाठी सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेली लागतात. नुसतं 'उत्तम दर्जाची' लिहून चालत नाही, कंपनी आणि मॉडेल लिहून घ्या. पैसे देताना शेवटचे दहा टक्के नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) बसून पहिलं बिल येईपर्यंत हातात ठेवा. ठेकेदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

2019 आणि 2021 चे पूर तुम्ही बघितले आहेत. पॅनेलं वर असल्यानं त्यांना भीती नाही, पण इन्व्हर्टरची पेटी मीटरशेजारी खाली लावायची सवय या लोकांना आहे. जिन्याच्या वरच्या टप्प्यावर, पाऊस लागणार नाही अशी जागा दाखवा. आणि गळीत हंगामात काचेवर काजळी बसते, ती आठ-पंधरा दिवसांनी सकाळी ऊन तापायच्या आत साध्या पाण्यानं धुवायची, इतकंच.

वहिनींचा मुद्दा मी शेवटी घेतला, पण तो किरकोळ नाही. चटणीची मिरची वाळवायला गच्ची लागते. चार पॅनेलं सात फूट उंचीच्या सांगाड्यावर घेतली तर खालून वावरता येतं, पण खर्च वाढतो, वाऱ्याचा जोर वाढतो आणि मिरचीला ऊन काही मिळत नाही. त्यापेक्षा पॅनेलं कठड्याला धरून उत्तरेच्या बाजूला घ्या, दक्षिणेची मोकळी जागा त्यांची. दोन किलोवॅटमध्ये हे बसतं, पाचमध्ये बसणार नाही.

एक अडचण मात्र आधी सोडवायला लागेल. बिलावर नाव तुमच्या वडिलांचं आहे, आणि ते जाऊन सहा वर्षं झाली असं तुम्हीच लिहिलंय. अर्ज, नेट मीटर आणि अनुदान सगळं ग्राहकाच्या नावावर चालतं. वडिलांचा मृत्यू दाखला, घरफाळ्याची पावती आणि भावाचं संमतीपत्र घेऊन महावितरणच्या उपविभागात नाव बदलाचा अर्ज याच आठवड्यात टाका. भाऊ बॅटरीबद्दल बोलायला आला की त्याच बैठकीत सही घ्या. नाव बदलेपर्यंत ठेव सुटेल, आणि मिरची वाळून डब्यात भरली गेली की मग गच्चीवर माणसं चढवा, म्हणजे पावसाच्या आत काम उरकेल.