ऐकू आलं तरच बटण दाब

अनेक आशीर्वाद.

कानांवरच्या संशोधनात नाव द्यायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. 'माझे कान तर धड आहेत, माझा काय उपयोग?' असं विचारलंस. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीत फेटलिंग, म्हणजे ओतीव भागांच्या खडबडीत कडा घासायचं काम, करणाऱ्याचं ऐकणं किती उतरलंय हे कळायला त्याच्याच वयाचे, गोंगाटात न राबलेले कान शेजारी मोजावे लागतात. तुझे कान त्यासाठी हवेत.

तारीख मात्र बघून घे. विसर्जनाच्या रात्री डॉल्बीसमोर नाचून सकाळी तपासणीला जाऊ नकोस. मोठ्या आवाजाने कान काही काळ बधिर होतात आणि तपासणीच्या आलेखात, म्हणजे ऑडिओग्राममध्ये, ती कायमची घट वाटते. किमान 14 तास, जमलं तर दोन दिवस, गोंगाट आणि इअरफोन दोन्ही टाळ. सर्दीने कानात दडे बसले असतील तर फोन करून तारीख पुढे घे. मळ काढायला काडी, पिन घालू नकोस, त्याने तो आणखी आत ढकलला जातो.

मुख्य तपासणी आवाजबंद खोलीत, हेडफोन लावून होते. 250 पासून 8000 हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकवतात. ऐकू आला की सूर 10 डेसिबलने खाली, नाही आला की 5 ने वर. म्हणजे बरेच सूर ऐकू न येण्यासाठीच असतात! इथेच चांगली चांगली माणसं चुकतात. परीक्षा समजून अंदाजाने, तालावर, नाहीतर काचेपलीकडच्या ऑडिओलॉजिस्टचा, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्याचा, हात बघून बटण दाबतात. मग कान आहेत त्यापेक्षा चांगले दिसतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं. अगदी पुसट सूर आला तरी दाब, नाही आला तर गप्प बस. कानात मुळातच 'सूंऽऽ' वाजत असेल तर आधी सांग, म्हणजे ते तुटक सूर लावतील.

बेरा तपासणी, म्हणजे आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजायची तपासणी, असेल तर केसांना तेल नको. कपाळावर आणि कानांमागे कातडी घासून इलेक्ट्रोड चिकटवतात. मेंदूकडून येणारा संकेत एका मायक्रोव्होल्टहूनही बारीक असतो, जबडा आवळला तरी स्नायूंच्या विजेत तो बुडतो. डोळे मिटून सैल पड, झोप लागली तरी चालते.

सहीची घाई अजिबात करू नकोस. माहितीपत्रक मराठीत माग, घरी नेऊन वाच. त्यावर नैतिकता समितीची मान्यता आणि संपर्क क्रमांक हवा. औषधाची चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक विचार. घट सापडली तर मला सांगणार का, पुढे कुठे पाठवणार, माझी माहिती कोण बघणार, हे तोंडावर विचार. कारण न देता केव्हाही बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे तुझ्या उपचारात काही कमी होता कामा नये. सहभागासाठी कुणी पैसे मागितले तर सरळ उठून ये. अठरा पूर्ण नसतील तर आई-वडिलांची सहीही लागेल.

जुना ऑडिओग्राम असेल तर सोबत ने. जेंटामायसिन, अमिकासिन अशी इंजेक्शनं कधी झाली असतील तर लिहून ने, त्यांनी कान बिघडू शकतात. संशोधनवाल्यांनी पुढची सोय केली नसेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात दाखव.

तारीख ठरली की कळव.