सरकारी खाती बंद केली आणि मुलांना स्वतंत्र विचार करायला घरीच शिकवलं तर काय बिघडेल?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत आणि त्यांचा एकमेकींशी तुम्ही समजताय तेवढा संबंध नाहीये. तुम्ही म्हणताय की शिक्षण खात्यासारखी खाती सगळ्या मुलांना एकाच साच्यात घालतात, म्हणून ती बंद करावीत आणि विचार करायला आईबापांनी घरी शिकवावं. यातलं दुसरं आजपासून करा की, पहिलं व्हायची वाट कशाला बघताय?

अमेरिकेचंच घ्या, कारण "खातं बंद करा" ही चर्चा सगळ्यात जोरात तिकडेच चालते. तिथलं केंद्रीय शिक्षण खातं १९७९ च्या कायद्याने आलं, राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ते बंद करायचं आश्वासन दिलं होतं पण जमलं नाही, २०२५ च्या मार्चमध्ये ट्रम्प यांनी ते गुंडाळायचा आदेश काढला, तरी पूर्ण बंद करायचं तर संसदेचा कायदा लागतोच. पण इथेच घोडं पेंड खातं, कारण त्या खात्याला अभ्यासक्रम ठरवायला कायद्यानेच मनाई आहे, ते काम राज्यं आणि स्थानिक शिक्षण मंडळं करतात. कायद्याने खात्याकडे दिलेली कामं म्हणजे कॉलेजची कर्जं, गरीब वस्त्यांतल्या शाळांना जाणारा निधी, अपंग मुलांच्या शिक्षणाची कामं (आणि तो अपंग मुलांचा कायदा १९७५ चा, म्हणजे खात्यापेक्षा जुना). त्यामुळे उद्या ते खातं गेलं तरी पुस्तकातली एक ओळही बदलणार नाही, फरक पडेल तो कर्ज आणि निधी कुठल्या टेबलावरून येतो यात.

मग खाती बंद करूच नयेत का? तसंही नाही, काही बंद झाली ते बरंच झालं. तिकडेच सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड होतं, १९३८ सालचं, कुठल्या विमान कंपनीने कुठल्या मार्गावर उडायचं आणि तिकीट कितीला विकायचं हे ते ठरवायचं. १९७८ ला कायदा करून हळूहळू त्याचं काम काढून घेतलं आणि १ जानेवारी १९८५ ला बोर्डच बंद केलं. आज त्याची आठवण काढून कुणी रडत नाही. पण विमान उडायच्या लायकीचं आहे का हे बघणारं एफएए हे वेगळं खातं होतं, त्याला हात लावला नाही, म्हणून ते निभावलं. याच्या उलट इंग्लंडमध्ये स्थानिक पालिकांच्या ऑडिटवर देखरेख करणारं ऑडिट कमिशन २०१५ ला बंद केलं, काम खाजगी फर्मकडे गेलं आणि सगळ्यावर मिळून नजर ठेवणारं कुणी उरलंच नाही. २०२२-२३ च्या हिशोबांची मुदत आली तेव्हा साधारण एकच टक्का संस्थांचं ऑडिट वेळेत झालेलं होतं. ऑडिटर मिळत नव्हते, कोविडचा बॅकलॉग होता, ही कारणं पण होतीच, सगळं खापर बंद करण्यावर फोडता येणार नाही. पण आता तिथल्या सरकारने लोकल ऑडिट ऑफिस नावाचं नवीन ऑफिस काढायचं ठरवलंय, म्हणजे घ्या, फिरून परत तिथेच.

तर मला विचाराल तर खातं ठेवायचं की काढायचं हा प्रश्नच नंतरचा, आधी ते काम काय करतं आणि ते नसेल तर ते काम कोण करेल हे विचारायचं. मुलांना घरी शिकवायचं ते पण हेच, निदान मी तरी हेच करते.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे, एकदा लिफ्टमध्ये लावलेलं तपासणीचं सर्टिफिकेट वाचून तिने विचारलं की हे तपासणारं ऑफिसच बंद केलं तर? म्हटलं तूच सांग. म्हणाली लिफ्ट बनवणारी कंपनी बघेल, त्यांचं नाव खराब होईल ना. म्हटलं कंपनीच बंद पडली असेल तर? दोन मजले गप्प, आणि मग म्हणते विमावाले बघतील, माणूस मेला तर पैसे त्यांनाच द्यावे लागतात. हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं, आणि गंमत म्हणजे तसं झालेलं आहे, विजेच्या वस्तू तपासणारी अंडररायटर्स लॅबोरेटरीज ही अमेरिकेतली संस्था १८९४ साली विमा कंपन्यांच्याच पैशावर सुरू झाली, कारण विजेने लागणाऱ्या आगींची भरपाई त्यांच्याच खिशातून जायची. मी तिला ते सांगितलं आणि वर बोइंग ७३७ मॅक्स या विमानाचं पण सांगितलं, की तिथे तपासणीचं बरंचसं काम एफएएने कंपनीच्याच माणसांवर सोपवलं होतं आणि २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत मिळून ३४६ माणसं गेली. त्यावर तिचा प्रश्न, मग तेव्हा विमावाले काय करत होते? यावर आमचं भांडण अजून मिटलेलं नाही.

आता एक बोचेल असं बोलते. स्वतंत्र विचार शिकवतो म्हणणारे बरेच पालक खरं म्हणजे स्वतःचेच विचार शिकवत असतात, फक्त ते सरकारच्या विरुद्ध असले की त्यांना स्वतंत्र वाटतात. तुमच्या मुलाने सगळं ऐकून घेऊन "पण बाबा, मला वाटतं ते खातं हवंच" असं म्हटलं तर तुम्ही काय कराल, हे आत्ताच ठरवून ठेवा. मी मुद्दाम कधीकधी मला न पटणारी बाजू घेऊन तिच्याशी वाद घालते आणि पुढच्या वेळी बाजू अदलाबदल करायची. बातमी वाचली की एवढंच विचारायचं, हे लिहिणाऱ्याला कसं कळलं असेल? बाकी कोर्स, वर्कबुक वगैरेंवर पैसे घालवू नका.

शाळा सोडवून पूर्ण घरी शिकवायचं म्हणत असाल तर आधी कायदा बघा, अमेरिकेत ते सगळ्या राज्यांत चालतं, जर्मनीत चालत नाही, तिथे मूल शाळेत पाठवावंच लागतं. आणि कायदा परवानगी देत असला तरी वाद घालायला आईबाप सोडून दुसरी माणसं, वेगळ्या मताची, मुलाला रोज कुठे भेटणार त्याची सोय आधी करा. आमची मुलगी शाळेत जाते ती मुख्यतः त्यासाठीच, गणित काय मी पण शिकवू शकते.